बाख आणि धुळाप्पांचे माग

७ एप्रिल १९७४, सकाळी ६
निश्चय : जर्मन संगीतकार बाखचा एक प्रेल्यूड, म्हणजे छोटी वाद्यरचना, पेटीवर वाजवून घरीच रेकॉर्ड करून ३१ मेच्या आत मुंबईला, रेडिओच्या ऑडिशनला पाठवणे. कचेरीत सगळ्यांना सांगून टाकलं. आता माघार नाही. चर्चचे पाद्रीसाहेब गाव सोडताना मला त्यांची पायपेटी देऊन गेले, त्याला अकरा वर्षं झाली. हुसेनसाबांच्या दुकानातून टेपरेकॉर्डर आणला.

९ एप्रिल
अडचण. शेजारी धुळाप्पांचे आठ यंत्रमाग. टेपवर नुसतं खडखडखड, मधूनच पेटी. सौ. महानंदाने विचारलं, यात तुमचं कुठलं? म्हटलं, बाखच्या काळच्या या बरोक संगीताला कान लागतो. ती म्हणाली, "कान हाय की. किटलाय."

१४ एप्रिल
उपाय सापडला. खिडक्यांवर बारा चादरी खिळ्यांनी ठोकल्या. दाराला गादी. आत ४३ डिग्री असावं. घामाने बोटं पट्ट्यांवरून घसरतात. बाखच्या काळी तरी पंखे कुठे होते? वातावरण अस्सल आहे.

२२ एप्रिल
लाइट गेली. माग बंद. काय ती शांतता! पण टेपरेकॉर्डरही बंद. लाइट आली की दोन्ही सुरू. यातून सुटका दिसत नाही. आज मात्र वाजवलं असतं तर अप्रतिम झालं असतं.

३ मे
कचेरीत साहेबांनी विचारलं, रेडिओवर कधी? म्हटलं, प्रकरण टेक्निकल आहे. सध्या इंटरप्रिटेशन चालू आहे. उजवा हात प्रश्न विचारतो, डावा उत्तर देतो. डावा तूर्त विचार करतोय.

११ मे
महानंदाला भाचीच्या लग्नाला अकलूजला जायचंय. नाही म्हटलं. मी वाजवताना टेपरेकॉर्डरचं बटण कोण दाबणार? दिवसभर बोलली नाही. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने चांगलंच.

२० मे
धुळाप्पांचे माग थांबले! सूत मिळत नाही म्हणे. लाइट आहे. टेप कोरी आहे. उद्या रजा टाकली.

२१ मे, सकाळी १०
महानंदाने बटण दाबलं. चार ओळी वाजल्या. बोटं थांबली.

दुपारी २
नऊ वेळा तेच. चार ओळी, मग भिंत. खोलीत श्वास घेववेना. म्हटलं, शांतता फार आहे, लक्ष लागत नाही.
ती म्हणाली, "पुढचं वाजवा की."
म्हटलं, विसरलो.
"इसरायला आधी यायला पायजे. अकरा वर्सं मी हितंच हाय. पुढचं तुमी कदी वाजवलंच न्हाय."
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

२८ मे
महानंदा सकाळच्या एसटीने अकलूजला गेली. लग्न होऊन गेलंय. तरी गेली. बटण आता मीच दाबतो आणि पेटीकडे पळतो. टेपवर पावलं छान स्पष्ट आली आहेत.

३१ मे, संध्याकाळी ६
मुदत आज संपली. धुळाप्पांकडे जाऊन विचारलं, माग कधी सुरू होणार? म्हणाले, काही खरं नाही. कामगार रोज येऊन कट्ट्यावर बसतात, त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. मग माझा हात धरला. "आमचा एवढा तरास सोसलाव, अन् आज इचारायला बी तुमीच आलाव."
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच.
मी तसंच वाटू दिलं.