पत्रिका जुळवणारा कॉम्प्युटर

८ फेब्रुवारी, रविवार

कॉम्प्युटर मोकळा केला, पण कोणासाठी? मला सांगता येत नाही.

आप्पांनी लिलावात घेतलेल्या जुनाट मशीनवरची चोरीची विंडोज मी काल पुसली आणि फ्रीडॉस टाकली. कुणीही फुकट घ्यावी, बदलावी, वाटावी अशी सिस्टीम. गल्लीतल्या मुलींना त्यावर प्रोग्रामिंग शिकवायचं, एवढंच मनात होतं. आईची अट एकच, तिचा पत्रिका जुळवायचा जुना, डॉसवर चालणारा प्रोग्राम राहिला पाहिजे.

राहिला. वर पळायलाही लागला. पूर्वी तो उघडेपर्यंत चहा उकळायचा, आता गॅस पेटायच्या आत उघडतो.

"माय, आते ते कितलं पटकन उघडस," आई म्हणाली आणि लगेच माझ्यासाठी आलेल्या स्थळावर घसरली. "नवापूरना पोर्‍यासंगे तुन्ही बी जुळाडी देख."

दुपारी खापर गावाहून मावशी आली, सोबत तिच्या शेजारणी, प्रत्येकीकडे कुणाची तरी जन्मवेळ. मुली दारातून डोकावून परत गेल्या. टाइप मीच करत होते. चहाही मीच.

मग ठरवलं, ज्याला पत्रिका हवी त्याने स्वतः टाइप करायची. सगळ्या गेल्यावर आईलाच खुर्चीवर बसवलं, कीबोर्ड समजावला. एका बोटाने शोधत शोधत तिने पहिला शब्द लिहिला, त्या नवापूरच्या मुलाचं नाव. एकही अक्षर चुकलं नाही.