अष्टमातला मंगळ आणि आठ जीबी रॅम

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
निर्णय झाला. लॅपटॉप घेणार.
काल मेहकरच्या यजमानाला नातवाची पत्रिका दिली. सुबक अक्षर, चारी बाजूंनी लाल रेघ. तर तो म्हणतो, "गुरुजी, पीडीएफ पाठवता का?" पस्तीस वर्षं बुलडाण्यात पत्रिका मांडतोय, आता पीडीएफ. ठीक आहे. काळाबरोबर चालणारा माणूस मी. आठ दिवसांत लॅपटॉप घरात.

संध्याकाळी ६.
शारदाला सांगितलं. "तुम्हाले रिमोटचे सेल टाकता येत नाहीत," म्हणाली. बायकोकडून उत्तेजनाची अपेक्षा मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडली.
निवेदिता मात्र खूश. बत्तीस वर्षांची गणिताची मास्तरीण, पण अमडापूरच्या शाळेतून दमून आलेली असताना टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "बाबा, आला की पहिली माझी पत्रिका टाका हं त्याच्यात."
छातीत थोडं धडधडलं. दुपारची वांग्याची भाजी.

५ नोव्हेंबर, बुधवार.
बसस्टँडजवळच्या दुकानात गेलो. मालकीण समता मॅडम, चाळिशीच्या. स्वतः मशीन उघडून दुरुस्त करतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, तुमची गरज काय हाये?"
मी म्हटलं, सर्व.
"सर्व म्हंजे? गेम खेळता? व्हिडिओ बनवता?"
मी म्हटलं, पत्रिका.
"आमच्यात पत्रिका पाहत नाहीत," त्या म्हणाल्या, "पन ते सॉफ्टवेअर कोन्त्याबी साध्या मशीनवर चालते. आठ जीबी रॅम, एसएसडी, स्क्रीन मोठा. अक्षरं ठळक दिसतीन. झालं."
इतक्या लवकर झालं म्हणजे काहीतरी गडबड. अभ्यास केल्याशिवाय घ्यायचं नाही असं ठरवलं. शिवाय त्यांनी दाखवलेला लॅपटॉप काळा होता. काळा म्हणजे शनी.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.
खरं लिहायला हरकत नाही, वाचणारं कोण आहे?
निवेदिताला कडक मंगळ. आठव्या घरात. पत्रिका मीच मांडली, तिच्या जन्माच्या दिवशी. आठ वर्षांपूर्वी धामणगाव बढ्याचं चांगलं स्थळ या मंगळापायी परत गेलं. पोरगी त्या दिवशी जेवली नव्हती. पुढची सगळी स्थळंही तशीच गेली. शास्त्रापुढे बापाचं काय चालतं?
लॅपटॉपमध्ये भरायला म्हणून जुनी वही काढली. आपल्याकडे घड्याळाच्या वेळेतून पंचवीस मिनिटं वजा करून स्थानिक वेळ काढतात. कुणाही शिकाऊ ब्राह्मणाला ठाऊक असतं. वहीत वजाच्या जागी अधिक दिसतंय.
आडव्या रेघेवर डास मेला असेल तर अगदी असंच दिसतं. नखाने खरवडलं. निघत नाही. जुने डास चिकट असतात.

सकाळी ११.
समजा, नुसतं समजा, की अधिक आहे. तर पन्नास मिनिटांचा घोळ. मग लग्नरास एक घर मागे सरकेल आणि मंगळ आठव्यातून नवव्यात जाईल. नववं म्हणजे भाग्यस्थान.
म्हणजे मुलीला मंगळ नाहीच.
हाताने पुन्हा मांडून बघायला दहा मिनिटं लागतील. पण चष्म्याचा नंबर वाढलाय. उद्या बघू.

९ नोव्हेंबर, रविवार.
नंबर आजही वाढलेलाच. वही माळ्यावर ठेवली. वर सत्यनारायणाचा चौरंग, त्यावर सतरंजी, त्यावर ट्रंक.

११ नोव्हेंबर.
मंगळवार. यंत्रखरेदीला वर्ज्य. (असं कुठे लिहिलंय ते बघायचं आहे.)
निवेदिताने जेवताना विचारलं, कोणता ठरला? मी म्हटलं, प्रोसेसरची कितवी पिढी घ्यावी याचा विचार चाललाय. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. पाणी प्यालो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
पुन्हा दुकान. आज मी तयारीने गेलो. गरजांची यादी केली होती: वजन कमी, स्क्रीन मोठा, आवाज नको, गरम व्हायला नको, दिसायला सौम्य. समता मॅडमनी चार दाखवले.
पहिला: हलका. इतका हलका की हातातून पडेल.
दुसरा: जड.
तिसऱ्याचा पंखा घरघरतो. माझी एकाग्रता भंगेल.
चौथ्याची बटणं दाबली की खालून तांबडा उजेड येतो. तांबडा! मंगळाचा रंग! मी मागे सरकलो तर स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाईक बाईंच्या पायावर पाय पडला.
समता मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, राग नका मानू. पन तुम्हाले लॅपटॉप घ्यायचा हाये का नाही घ्यायचा, हे एकडाव ठरवा."
मी म्हटलं, अर्थातच घ्यायचाय.
"मंग घाबरून काऊन राह्यले?"
मी? घाबरून? एसीमुळे हात थरथरत होते. नोव्हेंबरात एसी लावतात लोक.
(परत येताना पाहिलं. दुकानात एसी नाही. पंखाही बंद होता.)

१७ नोव्हेंबर, सोमवार.
धाड गावी सत्यनारायण. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. घाट उतरताना वाटलं, दरीत गेली तर लॅपटॉपचा प्रश्न सुटेल. असा विचार करणं पुरोहिताला शोभत नाही. रामरक्षा म्हटली. मधल्या दोन ओळी आठवेनात.
पूजेला तिथले गुरांचे डॉक्टर आले होते. हर्षल नाव. माणूस नम्र. उगाचच मला पाणी आणून दिलं, मग चहा, मग पुन्हा पाणी. जाताना विचारतो, "गुरुजी, लॅपटॉप घेतला का?"
याला कसं कळलं? धाडपर्यंत बोभाटा झाला? वहीचंही कळलं असेल का? प्रसाद पिशवीत घ्यायला विसरलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावास्या.
आज खरेदीचं कुणी काही विचारू शकत नाही. महिन्यातला सर्वांत निवांत दिवस.

संध्याकाळी ५.
निवेदिताने विचारलं.
मी म्हटलं, जुना सेकंडहँड घ्यावा की नवा, यावर चिंतन सुरू आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"
मी म्हटलं, हो. टचस्क्रीनवर बोटांचे डाग पडतात.
ती आत गेली. तिचं तोंड उतरलं होतं. म्हणजे तिला टचस्क्रीनच हवा होता.

२३ नोव्हेंबर, रविवार. पहाटे ५.
स्वप्न पडलं. निवेदिता फळ्यावर गणित मांडतेय आणि मी पहिल्या बाकावर. ती विचारते, उणे की अधिक? सगळा वर्ग ओरडतो, अधिक. मागच्या बाकावर धामणगाव बढ्याचा तो मुलगा, कडेवर दोन पोरं.
उठून ट्रंक उतरवली. सतरंजी काढली. चौरंग काढला. वही घेतली. दहा मिनिटांत मांडून झालं.
मंगळ नवव्यात.
पुन्हा मांडलं. नवव्यात. भिंतीला टेकून बसलो. आठ वर्षं. पोरीची आठ वर्षं मी एका रेघेखाली गाडली. कुणी खून केला तर त्याला निदान पोलीस धरतात.
शारदा उठून आली. चौरंग, सतरंजी, ट्रंक सगळं घरभर. म्हणाली, "काय हुडकून राह्यले?" मी म्हटलं, लॅपटॉपला जागा.

ठराव: लॅपटॉप घ्यायचा नाही. कायमचा. कारण डोळ्यांना त्रास होतो. हे आजच सर्वांना ठामपणे सांगणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
अजून सांगितलं नाही. योग्य वेळ बघतोय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.
निवेदिता लॅपटॉप घेऊनच आली. शाळेतून परस्पर दुकानात गेली. समता मॅडमनी पाच तारखेला दाखवलेला तोच, काळा. म्हणाली, "तुमची गरज मी सांगितली त्यांना. मोठी अक्षरं आणि पत्रिका. बाकी काही नाही."
मी खोक्याला हळदकुंकू वाहिलं. मग फूल. मग अक्षता. मग आरती केली. सगळी कडवी म्हटली. शारदा म्हणाली, आता उघडा.
मी म्हटलं, नव्या यंत्राला दोन दिवस घराची हवा लागू द्यावी. कंपनीच सांगते.

२९ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३.
सगळं लिहून ठेवतो.
शाळा सकाळची, म्हणून निवेदिता बाराला आली. जेवणं झाली. तिने सॉफ्टवेअर टाकलं आणि मला खुर्चीत बसवलं. स्वतः मागे उभी. जन्मतारीख मी एका बोटाने टाकली. वर्ष दोनदा चुकलं. वेळ टाकली. गाव टाकलं. तिने एंटर दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला.
तो गोल फिरत असताना माझ्याच्याने राहवलं नाही. बोललो. मान वर न करता सगळं बोललो. वजाच्या जागी अधिक केलं, मंगळ नाही, कधीच नव्हता, धामणगाव बढ्याचं स्थळ माझ्यामुळे गेलं, तू जेवली नव्हतीस, मला माफ कर.
वाटलं, ती गेली निघून. वळून पाहिलं तर ती पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे पुसत होती. आणि हसत होती.
"बाबा, मला माहीत आहे."
कधीपासून?
"आठ वर्षांपासून. धामणगावचं स्थळ आलं तेव्हाच मी तुमची वही काढली होती. मी गणित शिकवते, बाबा. बेरीज-वजाबाकी तरी कळते."
मग बोलली का नाहीस?
"तो मुलगा पाहायला आला तेव्हा म्हणाला, लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. मंगळ लय कामी आला हो मला. त्यानंतरही चार-पाच वेळा."
पण तू त्या दिवशी जेवली नव्हतीस.
"बसस्टँडवर तीन कचोऱ्या खाऊन आले होते."
मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, मग हा लॅपटॉप कशासाठी?
तेव्हा तिचा आवाज बदलला. धाडचे गुरांचे डॉक्टर. हर्षल. दोन वर्षांपासून. त्याच्या आईला पत्रिका लागते, मंगळ चालत नाही. "तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगायची मला भीती वाटत होती, बाबा. वाटलं, मशीन सांगेल. मला सांगावं लागणार नाही. पण तुम्ही लॅपटॉप घेईचनात. रोज वाटायचं, यांना सगळं कळलंय आणि हे मुद्दाम टाळताहेत, कारण यांना हर्षल पसंत नाही."
म्हणजे हे चार आठवडे ती मला घाबरत होती. आणि मी तिला. आणि धाडला तो बिचारा दोनदा पाणी आणून देत होता.
गोल फिरायचा थांबला. मंगळ नवव्या घरात. आम्ही दोघांनी एकदम "हं" केलं.
शारदा दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "जेवाले कधी बोलावता त्या पोराले?" म्हणजे हिलाही ठाऊक होतं. या घरात डायरी कोण वाचतं ते बघायला हवं.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.
पीडीएफ धाडला गेली. हर्षलच्या आईचा फोन आला. बोलणं गोड. पुढल्या रविवारी घरी येणार.
मी कृतकृत्य होऊन बसलो होतो. लॅपटॉप आता माझ्या पूर्ण ताब्यात आहे. उघडता येतो. बंद करताना निवेदिता लागते.
तेवढ्यात शारदा पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. लॅपटॉपकडे कधी नव्हे ते प्रेमाने बघत म्हणाली, "आता आपली दोघांची टाका ना. गुण किती जुळतात पाहू. तुम्हीच जुळवले होते तेव्हा. अठ्ठावीस सांगितले होते माझ्या बाबाले."
सांगितले होते. चोवीस वर्षांचा होतो. ही ओट्यावर हरभरे सोलत बसलेली दिसली होती, आणि मग मी आत जाऊन पत्रिका मांडली होती. किती जुळले होते ते आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, इथेही लिहिणार नाही.
मी म्हटलं, बॅटरी संपली.
तिने खाली वाकून पाहिलं. चार्जर लावलेलाच होता.