खाटेजवळची पाटी

सोमवार, ९ मार्च

चि. चिमे,

आशीर्वाद. इकडे सगळं बरं. वॉर्डातला नळ अजून गळतोय आणि मेट्रनबाई अजून त्याच्याखाली बादलीच ठेवताहेत. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, लहानपणापासूनची खोड तुझी, म्हणून लिहायला बसले.

गुंड्याचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला नक्की. बुधवारी दुपारपर्यंत भरती व्हा. खोकला असेल तर आधी कळव. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई छाती तपासल्याशिवाय हात लावणार नाहीत. कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेत, ते सर्जन मोकळे करतील, म्हणजे मेंदूला वाढायला जागा होईल. रक्ताची सोय झाली आहे. या कानापासून त्या कानापर्यंत नागमोडी टाके दिसतील. रडायचं तर बाहेर जाऊन रड.

दुसऱ्या दिवशी चेहरा सुजेल आणि डोळे पार मिटतील. दोन-तीन दिवस त्याला काही दिसणार नाही. आधी सांगूनसुद्धा आया हबकतात. त्या दिवसांत पोराला आवाज आणि हात, एवढाच आधार. म्हणून भरतीच्या कागदावर आम्ही विचारतो, कुणाच्या आवाजाने बाळ शांत होतं? मागच्या खेपेला तू लिहिलं होतंस, ‘आई, आजी’. या खेपेचा कागद तू आगाऊ भरून दिलास, त्यावर नुसतं ‘आई’. दोन्ही कागद माझ्यासमोर आहेत.

मागच्या खेपेचंच सांगायचंय.

तेव्हा ऑपरेशन दुपारी एकला होतं. भुलेआधी सहा तास पोट रिकामं हवं, त्या हिशेबाने खाटेजवळच्या पाटीवर मी लिहिलं, दूध सातपर्यंत. मग सकाळची एक केस रद्द झाली आणि आपला नंबर नऊवर आला. सहाला मला निरोप मिळाला. पाटी बदलायचं काम माझं, ते राहिलं. मी शेजारच्या पोरीला सलाईन लावत होते, शीर सापडत नव्हती. तू अंघोळीला गेली होतीस. तुझ्या सासूबाई बाटली घेऊन आल्या. “अगं, पोर भुकेलंय. पाजू का?”

मान वर न करता मी म्हटलं, “हो, पाजा.”

पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचं दूध कधी? “साडेसहाला. मीच पाजलं,” सासूबाई म्हणाल्या. भुलीत ते दूध छातीत उतरलं असतं तर जिवावर बेतलं असतं. ऑपरेशन रद्द. दुपारची जागा तोवर दुसऱ्या मुलाला गेली होती, मग गुंड्याला सर्दी, आणि सात आठवडे गेले. अख्ख्या वॉर्डासमोर तू त्यांना अडाणी म्हातारी म्हणालीस. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पाटी पुसत होते.

तोंडात मिठाची गुळणी धरली मी, चिमे. एकोणीस वर्षं आयांकडून उपाशी ठेवायच्या वेळा घोकून घेणारी मी! नंतर सासूबाई जिन्यात भेटल्या, तेव्हा मलाच समजावत होत्या. “माझं काय गं, मी घरची. तुझ्या नोकरीवर गदा येईल.” आणि मी त्यांना तसंच जाऊ दिलं. फार लाज वाटते.

तेव्हापासून त्या धाकट्या मुलाकडे राहताहेत, आणि तू म्हणतेस, त्यांना हॉस्पिटलची पायरी चढू देणार नाही.

आज सकाळी मेट्रनबाईंना सगळं लेखी दिलं. चौकशी होईल, व्हायलाच हवी. उद्यापासून ती संपेपर्यंत मला वॉर्डात पाऊल टाकता येणार नाही, म्हणजे गुरुवारी मावशीचा आवाजही नसेल. तू एकटी किती तास बोलत राहशील? त्याला झोपवताना त्या कानाशी काय पुटपुटतात, ते तुला येतं का? मला नाही येत.

मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण आधी त्यांना आणायला जा, आणि तू स्वतः जा. जावईबापूंना पाठवू नकोस.

कागदावर ‘आई’च्या पुढे मी ‘आजी’ लिहिलंय. खोडू नकोस.

‘हो, पाजा’ म्हणालेली,
तुझी ताई