ब्रेक ठीक होते

प्रिय टिल्ल्या,

सहा फुटांचा झालास, रुग्णवाहिका चालवतोस, तरी माझ्या तोंडी हेच नाव येतं. तू समोर असलास की जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय. मध्येच उठू नकोस.

तू चौथीत होतास, तेव्हा मी धुलाई कारखान्याची व्हॅन चालवायचे. इस्पितळातल्या मळक्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. त्या वर्षी तुझे बाबा गेले आणि माझी झोपच उडाली. घरात कुणी नसताना माझ्या नावाने हाका ऐकू यायच्या. तुला सांगायचे, आईला पित्त झालंय. शेवटी तुझ्या मावशीने हाताला धरून मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "या गोळ्यांनी हातपाय मंदावतात, मी तपासून सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही." मी मान डोलावली. पायऱ्या उतरताना मावशीला म्हटलं, "गाडी नाही चालवायची, तर काय भिंतींशी बोलत बसू?"

पाचव्या दिवशी व्हॅन काढली. झोपेत नव्हते रे, डोळे टक्क उघडे होते. सायकलवरचे शिंपीकाका वळताना दिसले, ब्रेक दाबायचा हेही कळलं. पाय मात्र मागाहून पोचला. तेवढ्यात त्यांचं मनगट गेलं. उजवं.

मालकांना मी सांगितलं, ब्रेक लागले नाहीत. त्यांनी गॅरेजच्या मिस्त्रींना त्याच दिवशी घरी बसवलं. मिस्त्री माझ्याकडे आले, पण आवाज चढवला नाही. "ताई, ब्रेक मी स्वतः तपासले होते हो," एवढंच म्हणाले. चौथ्या दिवशी मालकांना सगळं सांगून टाकलं. मिस्त्रींना परत घेतलं, मला काढलं. शिंपीकाकांकडे माफी मागायला गेले, तर त्यांनी बसायला खुर्ची पुढे केली. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. त्यांच्या हातून पुन्हा काजं झाली नाहीत.

मग मी रागाने गोळ्याच फेकल्या. हा दुसरा मूर्खपणा. हाका परत सुरू झाल्या आणि मला पायी रस्ता ओलांडणंही जमेना. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, पुनःपुन्हा तपासलं, वर्षभराने गाडीची परवानगी दिली. पुढे निवृत्त होईपर्यंत मी दुसरीकडे गाडी चालवली, गोळी घेऊनच. आजही घेते. पित्ताची नव्हे ती.

परवा तुझा गणवेश भिजत घालताना खिशात गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. ते नाव मला तोंडपाठ आहे. सूनबाईला विचारलं, तर तिला रडूच फुटलं. गाडी काढून घेतील या भीतीने तू डॉक्टरांना टेबलाशी बसून काम करतो असं सांगितलंयस म्हणे. बाळा, तुला रागावायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही, पण गप्प बसायचाही नाही. गोळ्या थांबवू नकोस, गाडी थांबव. शुक्रवारपर्यंत डॉक्टरांना आणि तुझ्या साहेबांना खरं सांग. म्हणशील तर बरोबर येते. नाही सांगितलंस, तर शनिवारी सकाळी मी साहेबांच्या दारात उभी असेन. मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, तेही सोसेन. तुझ्या गाडीत मागे रोज कुणाची ना कुणाची आई निजलेली असते रे.

तुझीच,
आई