रस्त्याखालची द्राक्षे

मी, सोलांज मार्सोदीन, वय शहात्तर, अविवाहित, राहणार सेंत-एमिलिओंच्या टेकडीखालच्या रस्त्याकडेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालायला घरात दुसरे माणूसच नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा चौथ्या कलमापाशी येऊन कागद चुलीत टाकला.

कलम पहिले. माझ्या मालकीच्या द्राक्षमळ्याचे. चतुःसीमा अशी: पूर्वेस ओढा, पश्चिमेस स्मशानभूमीची भिंत, दक्षिणेस पोप्लरची झाडे, उत्तरेस रस्ता. रस्त्याच्या वर माझा भाऊ एतिएन याची मिळकत, शातो मार्सोदीन. वडिलांनी वाटणी केली तेव्हा वरची चुनखडीची जमीन, घर, तळघर आणि प्रतवारीतले मानाचे स्थान एतिएनला दिले. मला खालची रेताड जमीन दिली. ते म्हणाले, "पोरगी उद्या लग्न करून जाईल. कोबी लावायला बरी आहे ती जागा." मी लग्न केले नाही, आणि कोबीही लावला नाही.

सदर मळा आणि त्यातले दोन खोल्यांचे घर मी माइते केरुआ हिला देते. गेली सहा वर्षे वेली तीच छाटते, आणि माझ्यापेक्षा चांगल्या छाटते. अट एकच: बाटलीवरच्या चिठ्ठीत कुठलीही प्रत, कुठलाही दर्जा लिहिण्यासाठी तिने कधी अर्ज करू नये. गावाचे नाव, मळ्याचे नाव, साल, एवढे पुरे.

कलम दुसरे. नदीपलीकडच्या मेदोकवाल्यांचे मला कायम हसू येई आणि हेवाही वाटे. त्यांच्या घराण्यांची प्रतवारी १८५५ साली लागली आणि तिथेच थिजली. पणजोबा पास झाले की पणतू आयुष्यभर निवांत. बर्गंडीत तर मान घराला नाही, शेताला असतो. तिथे जन्मले असते तर निदान माझी रेती कोणी चाखून पाहिली असती. आमच्या टेकडीवर मात्र दर दहा-बारा वर्षांनी परीक्षा. समिती येते, दहा सालांची वाइन चाखते, आणि कुठल्या वाफ्यातली द्राक्षे कुठल्या हौदात गेली ते नकाशावर बोट ठेवून विचारते. मानाच्या घराला ठरलेल्या वाफ्यांबाहेरचे एक टोपलेही चालत नाही. हे कलम वाटणीचे नाही. पुढचे समजावे म्हणून लिहिले.

कलम तिसरे. वडिलांची छाटणीची कात्री एतिएनला. तिची स्प्रिंग मी दोनदा बदलली आहे, त्याने लहानपणी पाडलेली खाच अजून मुठीवर आहे. भिंतीवरचे घड्याळ टपाल वाटणाऱ्या जोझियानला, कारण ती रोज त्यात बघून मला सांगते की ते पाच मिनिटे मागे आहे. शेजारच्या मादाम व्हिर्लोजूला काही नाही. पन्नास वर्षे तिने पाहुण्यांना माझी ओळख "ही मार्सोदीनची बहीण" अशी करून दिली. मला स्वतःचे नाव आहे, ते वर पहिल्याच ओळीत लिहिले आहे.

कलम चौथे. १९८३ साली ऑगस्टमध्ये गारपीट झाली. ढगाने रस्ता ओलांडला नाही. वरचा मळा झोडपून निघाला, खाली माझ्या वेलींचे पानही फाटले नाही. वेचणीच्या वेळी एतिएन दारात आला. तोवर तो माझ्या दारात कधी काही मागायला आला नव्हता.

"सोलांज, अर्धासुद्धा हौद भरत नाहीये गं."

"मग माझी घे," मी म्हणाले.

"आणि कचेरीत काय सांगायचं?"

"तू सांग."

"लिही की तुझंही सगळं गारांनी नेलं. कोण मोजायला बसलंय!"

तळघराचा कारभारी आन्सेल्म केरुआ तिथेच उभा होता. माइतेचा हा चुलता. तो हसून म्हणाला, "मामझेल, शेवटी तुमचा कोबी चढला म्हणायचा महालात!" आम्ही तिघांनी मिळून माझी द्राक्षे वरच्या हौदात घातली. तिघांशिवाय कोणालाही माहीत नव्हते. ती वाइन उतरली तेव्हा व्यापारी एतिएनचा हात सोडेनात. अशी रेशमी वाइन मार्सोदीनने वीस वर्षांत दिली नव्हती, म्हणाले. मी कोपऱ्यात उभी राहून पेले पुसत होते.

आता लिहिते. प्रत्येक मळेवाल्याला पिकाचा कागद गावकचेरीत भरून द्यावा लागतो आणि तो कोणालाही मागून बघता येतो. मी त्यावर "पीक नाही" असे लिहिले नाही. मी लिहिले: नऊ पिंपांपुरती द्राक्षे, दिली शातो मार्सोदीनला. प्रामाणिकपणा म्हणून लिहिले, असे आजवर स्वतःला सांगत आले. ते खोटे आहे. माझ्या मळ्याचे नाव आणि त्या घराचे नाव एकदा तरी एका ओळीत यावे, एवढाच हव्यास होता. वडील हयात नव्हते, तरी त्यांना दाखवायचे होते.

तीन वर्षांनी परीक्षा आली. समितीला तो कागद सापडला. पत्र आले, गावकचेरीतल्या एका कागदावरून मार्सोदीनचे नाव यादीतून गेले; कागद कोणाचा, ते पत्रात नव्हते. एतिएनने आम्हा दोघांना तळघरात बोलावले आणि एवढेच विचारले, "कागद कोणाचा होता?" आन्सेल्मने टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिले. "मामझेल, तुम्ही काही बोलणार का?"

मी म्हणाले, "बाहेर गाडी खोळंबली आहे, बाटल्या चढवायच्यात." आणि वर निघून आले.

त्या आठवड्यात आन्सेल्म गेला. गाव म्हणाले, एतिएनने चुगलखोराला हाकलले. मी पावाच्या दुकानात रांगेत उभी राहून ते ऐकले आणि माझा पाव घेऊन घरी आले. आन्सेल्म बारा किलोमीटरवर फ्रोंसाकला राहिला. त्याने लग्न केले नाही. गेल्या हिवाळ्यात वारला. त्याच्यावर माझे प्रेम होते. हे मी त्याला सांगितले नाही, कारण ते सांगायचे तर आधी दुसरे सांगावे लागले असते.

एतिएनने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले. तेहतीस वर्षे झाली. माझ्या स्वयंपाकघरातून त्याची खिडकी दिसते. त्याच्या झडपा आठपर्यंत उघडल्या नाहीत तर माझा घास उतरत नाही, मग मी जोझियानला काहीतरी निमित्त काढून वर पाठवते. मला एकटे वाटते. मृत्युपत्रात असल्या गोष्टीला जागा नसते, पण दुसरा कागद मी कोणाला लिहिणार?

कलम पाचवे. त्या १९८३ सालच्या छत्तीस बाटल्या माझ्याकडे होत्या. दरवर्षी वेचणी संपली की मी एक उघडते, वेलीच्या काटक्यांवर मांसाचा तुकडा भाजते आणि एकटीच जेवते. यंदा उघडवली नाही. तीन उरल्या आहेत. एक माइतेला, एक एतिएनला. तिसरी आन्सेल्मच्या थडग्यावर ओतावी, झाकणासकट ठेवू नये.

कलम सहावे. आन्सेल्मचा मातीचा वाडगा. तो वरच्या स्वयंपाकघरात विसरला होता, मी तेव्हाच उचलून आणला. सूप संपले की तळाशी उरलेल्यात वाइन ओतून तो वाडगा तोंडाला लावी. आमच्याकडे याला शाब्रो म्हणतात. त्यासाठी त्याला मानाची वाइनच लागे, आणि एतिएन कपाळावर हात मारी. वाडगा माझ्याबरोबर पुरावा.

कलम सातवे. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. मला मात्र दोन हवेत. पहिली जोझियान. दुसरा एतिएन. त्याला यातून काही मिळते, म्हणून कायद्याला त्याची साक्ष चालणार नाही. मला चालेल. रस्ता अकरा पावलांचा आहे, मी हा कागद स्वतः वर नेऊन त्याला वाचून दाखवणार आहे. त्याने दार लावून घेतले तर खालची जागा कोरी राहू द्यावी, बाकी सारे तसेच अमलात आणावे.

स्थळ: सेंत-एमिलिओं. दिनांक १७ नोव्हेंबर २०१९.

सोलांज मार्सोदीन

साक्षीदार पहिली: जोझियान तोझां. (मामझेलने सही माझ्यासमोर केली. घड्याळ मागेच आहे.)

साक्षीदार दुसरा: बहिणीने हे माझ्या दारात उभे राहून वाचले. आत ये म्हटले तर आली नाही, वाचून कागद माझ्या हातात दिला आणि खाली गेली. म्हणून उत्तर इथेच लिहितो, जोझियान घेऊन येईल.

सोलांज, चौथे कलम मला नवे नाही. पत्र आले त्याच दुपारी मी कचेरीत जाऊन तो कागद पाहिला होता. तुझे अक्षर मला ओळखू येणार नाही का? तळघरात मी विचारले ते फक्त तू बोलावेस म्हणून. आन्सेल्मला मी काढले नाही, तो आपणहून गेला. जाताना म्हणाला, "ती स्वतः येऊन सांगेल. आपण दोघंही थांबू या." मी थांबलो. तोही थांबला, दर वर्षी वेचणी संपली की फोन करून विचारायचा, आली का म्हणून.

सूप चुलीवर आहे. बाटली घेऊन ये, आणि त्याचा वाडगाही आण. मी तिघांचे मांडतो.

एतिएन मार्सोदीन