छापा सुलट, काटा उलटा

३ मार्च, सोमवार

आजपासून नवं आयुष्य. जुन्यात फारसं काही उरलं नव्हतंच.

ही भावाकडे गेल्याला आठवडा झाला. चार दिवस हवापालट म्हणून गेलीय, असं मी ऑफिसात सांगितलंय. जाताना ती तसं म्हणाली नव्हती. माझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं काहीसं म्हणाली. तेव्हा टीव्ही चालू होता, त्यामुळे नक्की शब्द आठवत नाहीत.

जेवलो. भाजीत मीठ नव्हतं, हे भांडी घासताना लक्षात आलं. तब्येत ठणठणीत.

४ मार्च, मंगळवार, दुपार

पार्किंगच्या मशीनमधली नाणी काढून मोजायची, हे माझं काम. इतकी वर्षं मोजली, एकदाही नीट बघितली नाहीत. काल व्हिडिओत एक टायवाला सांगत होता: टांकसाळीत साचा फिरला तर नाण्याची मागची बाजू उलटी छापली जाते, आणि असल्या चुकलेल्या नाण्यासाठी संग्राहक पैसा ओततात.

सहज एक उचललं. छापा सुलट. कॅलेंडरचं पान उलटावं तसं खालून वर फिरवलं. काटा चक्क उलटा!

हात थरथरायला हवे होते. थरथरले नाहीत. पण नोंद केली.

संध्याकाळ

दुसरंही उलटं. तिसरंही. अख्खी पिशवी उलटी! टांकसाळीत सगळी पाळीच झोपली होती की काय? आणि एवढ्या लोकांत हे फक्त मला दिसलं. नजर असावी लागते.

६ मार्च, गुरुवार

माझ्या नोटा हिशेबात भरतो आणि नाणी घरी आणतो. चोरी नव्हे, अदलाबदल. सुट्टे संपले म्हणून साहेब ओरडले. साहेबांना दूरदृष्टी नाही.

हिचा फोन आला. रविवारी दुपारी ये, समोरासमोर बोलू, नाही आलास तर मी काय ते समजेन, म्हणाली. मी हो म्हटलं. मग नाण्यांचं सांगितलं. ती म्हणाली, ठेवते. भारावली असावी.

८ मार्च, शनिवार

घोटाळा. नाणेसंग्राहकांचं प्रदर्शनही रविवारीच, एकच दिवस. हिच्याकडे काय, कधीही जाता येईल. ती काही कुठे पळून जात नाही. आधी भाव, मग भेट. हातात काहीतरी घेऊन गेलं की फार बोलावं लागत नाही.

संकल्प: नाणी विकली की हिला समुद्रकाठी न्यायचं. टीव्ही बंद ठेवायचा. निदान आवाज बारीक.

९ मार्च, रविवार

पहिल्याच टेबलावर एक भिंगवाले गृहस्थ. त्यांच्यापुढे पायमोज्यात भरून आणलेली नाणी ओतली. त्यांनी एक उचललं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं फिरवलं. काटा सुलट. म्हणाले, आपली नाणी अशी फिरवून बघतात. खालून वर फिरवलीत तर सगळीच उलटी दिसणार, तुमची काय आणि माझी काय. मी म्हटलं, पाडून मागायच्या या युक्त्या मला ठाऊक आहेत. ते म्हणाले, मी मागतच नाहीये. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही तसंच फिरवलं. तिसऱ्या टेबलावर गेलो नाही, रांग होती. रांग नव्हती.

बाहेर बाकावर बसून एकेक नाणं आडवं फिरवलं. सगळी सुलट. आता वाईट वाटेल म्हणून अंधार पडेपर्यंत थांबलो. वाटलं नाही.

१० मार्च, सोमवार

हिच्याकडे गेलो. चिडेल म्हणून उत्तरं पाठ करून ठेवली होती. चिडली नाही. पाहुण्याला देतात तसा बशीसकट चहा दिला. म्हणाली, काल संध्याकाळपर्यंत दारात खुर्ची टाकून बसले होते, आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही. मी प्रदर्शनाचं कारण सांगितलं. ती बरं म्हणाली. पूर्वी बरं म्हणायची नाही, कडाकडा भांडायची. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, भांडली असती तर बरं.

मला ती हवी आहे. हे वाक्य परतीच्या बसमध्ये सुचलं.

११ मार्च, मंगळवार

सकाळी फोन करून तेच वाक्य सांगायचं ठरवलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. व्यवस्थित येतं.

मेहुण्याने फोन उचलला. हिला बोलव म्हटलं. ती आली. काय, म्हणाली. मी विचारलं, डोकेदुखीच्या गोळ्या कुठे असतात?

दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, म्हणाली, आणि थोडा वेळ थांबली. मग फोन ठेवला.

गोळ्या मिळाल्या.