पेरूच्या वडीतले डॉलर

मायामी, मार्च १९९४

प्रिय आई,

पेरूची वडी कापताना सुरी अडली. बाबांसाठी पाठवलेले डॉलर तू त्यातच लपवून परत पाठवलेस! अगं, डॉलर बाळगणं आता क्युबात गुन्हा नाही. सरकारनंच मोकळीक दिलीय.

वडी घेऊन आलेली एनेइदा सांगत होती, बाबांना अंधुक दिसतं. डॉक्टर अंडी खायला सांगतात, तर हे म्हणतात, "देश सोडून निघालेल्या पोरीवर गल्लीबरोबर मीही अंडी फेकली. आता तिच्याच पैशांची अंडी गिळू?"

त्यांना सांग, अंडी लागलेला तो फ्रॉक मी तेव्हाच धुतला.

मी मजेत आहे. तू पोटभर जेवतेस ना?

तुझी निल्दा

ता. क. आज सकाळी एनेइदा परत निघाली. तोच फ्रॉक तिच्या अंगात आहे. नोटा त्याच्या काठात शिवल्यात.